नवा मेटल डिटेक्टर आणि गोव्याची तांबडी माती

गोव्यातल्या बागेत नवा डिटेक्टर चालू केला की पहिल्याच मिनिटाला तो सगळीकडेच वाजायला लागतो. जांभ्याची ही माती लोहाने भरलेली असते आणि यंत्राला ती जमीन न वाटता धातूच वाटते. त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस काही सापडवायच्या मागे लागू नका. माती आणि यंत्र यांची ओळख होऊ द्या.

ती ओळख घरातूनच सुरू करावी. प्लास्टिकच्या किंवा खिळे नसलेल्या लाकडी स्टुलावर एकेक वस्तू ठेवा आणि तिच्यावरून कॉइल, म्हणजे यंत्राच्या टोकाची चपटी तबकडी, १० सेंटिमीटर उंचीवरून फिरवा. लादीवर ही चाचणी घेऊ नका, स्लॅबमधल्या सळ्या सगळा हिशेब बिघडवतात. एक, दोन, पाच, दहा रुपयांची नाणी, सोन्याची अंगठी, गंजका खिळा, बियरच्या बाटलीचं बूच, कॅनची ओढायची कडी आणि चॉकलेटचा चांदीकागद घ्या. प्रत्येकाचा पडद्यावर दिसणारा आकडा आणि आवाज वहीत लिहून ठेवा.

ही वही पुढे फार कामाला येते. आपली चलनातली एक-दोन रुपयांची बहुतेक नाणी चुंबकाला चिकटणाऱ्या पोलादाची आहेत. यंत्रात लोखंड गाळायची सोय, म्हणजे डिस्क्रिमिनेशन, चढवून ठेवली तर त्यातली पुष्कळशी नाणी खिळ्यांबरोबरच गप्प होतात. उलट पातळ सोन्याची अंगठी अनेक यंत्रांवर चांदीकागद आणि कॅनची कडी यांच्याच आकड्यांत येते. तो पट्टा कचरा म्हणून बंद केलात तर अंगठीही गेली. म्हणून सुरुवातीला गाळणी शून्यावर ठेवून सगळं ऐकायचं. कान तयार झाला की मग थोडी थोडी चढवा.

बाग निवडण्याआधी लेखी परवानगी घ्या. पणजीत महानगरपालिकेकडे, मडगाव, म्हापसा, वास्को, फोंडा इथे त्या त्या नगरपालिकेकडे अर्ज द्यावा. यंत्राचं नाव, दिवस, वेळ आणि किती खोल खणणार हे अर्जात लिहा आणि पत्राची प्रत खिशात ठेवा. हेडफोन लावून, काठीसारखं यंत्र हातात घेऊन गवतात वाकलेला माणूस पाहून लोकांना शंका येणारच. कांपालच्या बाजूला नोव्हेंबरात इफ्फी या चित्रपट महोत्सवाची धामधूम आणि बंदोबस्त असतो, त्या दिवसांत तिकडे फिरकूच नका. जुनं गोवें, किल्ले आणि संरक्षित स्थळं यांचा विचारही करू नये. १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा आणि २०१० ची दुरुस्ती यांनी केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवतीचे पहिले १०० मीटर प्रतिबंधित केले आहेत आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित.

आता ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीतल्या लोहाकडे यंत्राने दुर्लक्ष करावं अशी जुळणी. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. आधी धातू नसलेली मोकळी जागा शोधायची. गाळणी शून्यावर ठेवून कॉइल फिरवा, जिथे ठळक असा सिग्नल येत नाही ती जागा घ्या. यंत्रात आपोआप बॅलन्सची सोय असेल तर तिचं बटण दाबून धरा आणि कॉइल जमिनीपासून ३० सेंटिमीटरवरून ३ सेंटिमीटरपर्यंत सावकाश खाली-वर करा, पाच-सहा वेळा. आवाज खाली जाताना आणि वर येताना सारखा झाला की बटण सोडा. हाताने करायचा असेल तर एकेक अंक बदलत हेच जुळवत जायचं. वर-खाली करताना कॉइल वाकडी होऊ देऊ नका, बॅलन्स चुकण्याचं ते नेहमीचं कारण.

बागेत एकदाच करून भागत नाही. हिरवळीखाली बाहेरून ट्रकने आणलेली माती असू शकते, पायवाटेखाली जांभ्याची खडी, झाडाच्या आळ्यात तिसरीच काही. दहा-पंधरा पावलांवर जमीन बदलली की बॅलन्स पुन्हा घ्या. पाऊस पडून गेल्यावर तर नव्यानेच.

जांभ्याचा खडा चकवतो. त्याचा आवाज पसरट, कड नसलेला येतो, आकडा प्रत्येक फेरीत उड्या मारतो आणि कॉइल पाच-सात सेंटिमीटर उचलली की लगेच मरतो. नाणं मात्र दोन्ही बाजूंनी आखूड, स्वच्छ आवाज देतं आणि ९० अंशात वळून पाहिलं तरी आकडा फारसा हलत नाही. खिळा एका दिशेने गोड वाजतो आणि वळलात की तुटक फुटतो. कॉइल ३० सेंटिमीटर उचलूनही जोरात वाजत राहिलं तर खाली डबा किंवा पत्रा आहे.

कॉइल जमिनीला समांतर, दोन-तीन सेंटिमीटर वर ठेवा. एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जायला दीड-दोन सेकंद लागू द्या आणि प्रत्येक फेरी मागच्या फेरीवर निम्मी चढवा. टोकाला हात उचलला जातो आणि तिथलं नाणं सुटतं. न थांबता टकटक ऐकू आली तर आधी खिशातला मोबाईल बंद करा, मग बागेचे दिवे आणि डोक्यावरच्या वीजतारांपासून लांब जा. तरीही थांबलं नाही तर सेन्सिटिव्हिटी, म्हणजे यंत्राच्या कानाचा तिखटपणा, दोन-तीन अंक खाली आणा. पूर्ण चढवलेली सेन्सिटिव्हिटी या मातीत खोली वाढवत नाही, फक्त गोंगाट वाढवते. बुचं आणि कड्या फार असतील तिथे ११ इंचाऐवजी ६ इंचाची कॉइल लावा, दोन जवळच्या वस्तू वेगळ्या ऐकू येतील.

खणण्याआधी जागा नेमकी करा. उभी-आडवी फेरी मारून आवाज सर्वांत ठळक जिथे येतो ती फुली. सिग्नल एका रेषेत मीटरभर चालत गेला तर अजिबात खणू नका, ती दिव्याची केबल किंवा पाण्याचा पाइप असण्याची शक्यता मोठी. बाकी ठिकाणी जाड हातमोजे घाला, बाटलीच्या काचा कुठेही निघतात. खुरपीने तीन बाजूंनी ८-१० सेंटिमीटर लांबीचा चौकोन कापा, चौथी बाजू बिजागरीसारखी राहू द्या. गवताचा लगदा मुळांसकट उलटा आणि सुटी माती जुन्या प्लास्टिकच्या कापडावर काढा. नंतर तीच माती खड्ड्यात, लगदा वर, पायाने दाबून थोडं पाणी. एप्रिल-मेमध्ये जमीन चिऱ्यासारखी कडक असते आणि कापलेलं गवत दोन दिवसांत जळतं. त्या काळात फक्त वरच्या दोन-तीन सेंटिमीटरमधलं काढा. पावसाळा ओसरल्यावरची ओल सगळ्यात चांगली, माती सुटते आणि हिरवळही जगते.

बहुतेक वेळा बूच किंवा रुपयाच निघेल. पण १९६१ च्या आधीचं नाणं लागलं तर तिथेच थांबा. चिंचेने, राखेने, टूथपेस्टने घासू नका, फक्त साध्या पाण्यात बुडवून माती सुटू द्या. साल दिसलं की वर्षं मोजा. १८८१ चा चांदीचा पोर्तुगीज रुपिया शंभर वर्षं ओलांडून गेलेला आहे, म्हणजे १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात बसतो. १९५९ चं एस्कुदो किंवा सेंताव्हु अजून तिथे बसत नाही. मात्र जमिनीत दडलेला १० रुपयांहून जास्त मोलाचा कोणताही ठेवा सापडला की १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं, उत्तर गोव्यात पणजीला, दक्षिणेत मडगावला. पत्रात जागा, तारीख, वस्तू आणि अंदाजे किंमत लिहा, आणि उत्तर येईपर्यंत नाणं कागदात गुंडाळून, सालाची बाजू वर ठेवून डब्यात ठेवा.