टेम्प्लेट बदललं, तरी पत्र तसंच? वर्डमधल्या या चुका टाळा

आमच्या सोसायटीच्या पत्रांवर माजी सेक्रेटरींचा मोबाइल नंबर किती तरी महिने जात होता. कारण साधं होतं. नवं पत्र लिहायचं म्हणजे मागचं उघडायचं, मजकूर पुसायचा आणि 'सेव्ह ॲज' करायचं. याला टेम्प्लेट (दर वेळी नवं पत्र काढून देणारा साचा) म्हणत नाहीत, हे उष्टं पत्र. एखाद्या दिवशी घाईत नुसतं 'सेव्ह' दाबलं की मागचं पत्रही गेलं!

फाइल सेव्ह करताना प्रकार 'वर्ड टेम्प्लेट' निवडा. मग ते 'फाइल – न्यू – पर्सनल'मध्ये दिसतं. आम्ही हे केलं, नंबरही बदलला, तरी पुढच्या पत्रावर जुनाच! टेम्प्लेटवर डबलक्लिक केलं की टेम्प्लेट उघडत नाही, त्यावरून नवं डॉक्युमेंट तयार होतं. दुरुस्ती त्या डॉक्युमेंटात झाली होती. मूळ टेम्प्लेट हवं तर राइट क्लिक करून 'ओपन'.

खरा घोळ होतो तो तयार पत्राचं टेम्प्लेट बदलताना. 'डेव्हलपर' टॅब (आधी ऑप्शन्समधून दिसता करावा लागतो), तिथं 'डॉक्युमेंट टेम्प्लेट', मग 'अटॅच'. इतकं करून लोक नव्या लोगोची वाट बघत बसतात. लोगो येत नाही. हेडर, फूटर, मार्जिन सगळं जुनंच राहतं. 'ऑटोमॅटिकली अपडेट डॉक्युमेंट स्टाइल्स'वर टिक केली असेल तर फक्त स्टाइल्स (शीर्षक, परिच्छेद यांना नाव देऊन ठरवलेली फॉन्ट-आकाराची रूपं) बदलतात. शीर्षक हातानं बोल्ड आणि १६ पॉइंट केलं असेल, तर वर्डच्या लेखी ते शीर्षकच नाही, 'नॉर्मल' परिच्छेद आहे. त्याला 'हेडिंग १' लावा, मग फरक दिसेल. आणि काम झाल्यावर ती टिक काढून टाका. नाही तर उद्या कुणी टेम्प्लेटला हात लावला, की जुनं पत्र उघडताक्षणी वेगळंच दिसेल.

लेटरहेडच बदलायचं असेल तर 'अटॅच'च्या नादी लागू नका. नव्या टेम्प्लेटवरून कोरं पत्र काढा आणि जुना मजकूर 'यूज डेस्टिनेशन स्टाइल्स'नं पेस्ट करा. मजकुरातला सेक्शन ब्रेक (डॉक्युमेंटाचे भाग पाडणारी खूण) मात्र वगळा. त्याच्यासोबत जुना हेडर गुपचूप येतो.

मराठीची गंमत वेगळीच. स्टाइलमध्ये फॉन्ट बदलला, इंग्रजी शब्द बदलले, देवनागरी मात्र जुन्या 'मंगल' फॉन्टमध्येच! फॉन्टच्या खिडकीत 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' हा वेगळा रकाना असतो, देवनागरीचा फॉन्ट आणि आकार तिथून ठरतो. टेम्प्लेट बनवताना दोन्ही रकाने भरा.

वर्डऐवजी लिब्रेऑफिस रायटर हा मोफत प्रोग्राम वापरणाऱ्यांसाठी एकच सूचना. टेम्प्लेट बदललं की जुनी फाइल उघडताना तो विचारतो, स्टाइल्स अपडेट करू की जुन्याच ठेवू? घाईत 'जुन्याच' दाबलंत, तर त्या फाइलचा टेम्प्लेटशी संबंध तुटतो आणि तो पुन्हा विचारत नाही.