युद्धकाळातल्या हंगेरियन साहसपटाची रीळं तपासताना

डबा खेळत्या हवेत, आगीपासून लांब उघडा. १९४०च्या सुमाराची ३५ मिमी प्रिंट बहुधा नायट्रेटवर (झटकन पेट घेणाऱ्या जुन्या प्रकारच्या फिल्मवर) असते. ती जळताना स्वतःच ऑक्सिजन पुरवते, म्हणून पाण्याखालीही जळत राहते. उग्र आंबूस वास, पिवळट पडलेलं चित्र किंवा चिकटलेले वेढे दिसले तर रीळ उलगडू नका. तपकिरी भुकटी दिसली तर तो डबा तत्काळ बाकीच्यांपासून वेगळा काढा, फिल्म संग्रहालयातल्या जाणकाराला बोलवा.

रीळ बरं असेल तर आकुंचन मोजा. नव्या प्रिंटच्या कडेची १०० भोकं साधारण ४७५ मिमी भरतात. ४७० भरली म्हणजे १ टक्का आटली. अशी प्रिंट यंत्रावर चढवली की फिल्म ओढणाऱ्या चाकाचे दात भोकांच्या कडा फाडतात. तेव्हा दात नसलेला स्कॅनरच बरा.

तलवारबाजीच्या मधोमध सांधा (फिल्मचे तुकडे जोडल्याची जागा) सापडला तर तो लगेच सोडवू नका. प्रकाशध्वनीची पट्टी (फिल्मवरच छापलेला आवाज) चित्रापेक्षा सुमारे २० चौकटी (फ्रेम) पुढे छापलेली असते. चित्राच्या शेजारी दिसणारा आवाज त्या चित्राचा नसतोच. आधी दोन्हीची नोंद करा.

लांबीही लिहा: ३०५ मीटर म्हणजे सुमारे ११ मिनिटं.

श्रेयनामावलीत 'रेन्देझ्ते' म्हणजे दिग्दर्शन, 'फेन्यकेपेझ्ते' म्हणजे छायांकन. हंगेरियनमध्ये आडनाव आधी येतं. नोंदीत ते उलटवलं की पुढे शोध फसतो.