ब्रेस तासताना मी थांबले नाही, त्याची गोष्ट

गिटार बनवताना टॉपला, म्हणजे वरच्या फळीला, आतून ब्रेस (आधाराच्या लाकडी पट्ट्या) चिकटवून झालेत, सरस वाळलाय, पटाशीला धार लावून ठेवलीये आणि आता टोन काढायचा म्हणून हात शिवशिवतायत, अशा टप्प्यावर जे कोणी असतील त्यांच्यासाठी लिहितेय. एक्स ब्रेसिंग (एक्सच्या आकारात बसवलेले मुख्य ब्रेस), टोन बार (त्याच्या जोडीचे छोटे ब्रेस), ब्रिज प्लेट (तारा जिथे टॉपवर अडकतात त्या ब्रिजखाली आतून लावलेली पट्टी) यांच्या खोलात जात नाही. मला बोलायचंय ते फक्त ब्रेसच्या उंचीबद्दल, कारण माझी तिसरी गिटार तिथेच गेली.

स्प्रूसच्या लाकडाचा टॉप होता, एक्सचे ब्रेस ८ मिमी रुंद आणि १४ मिमी उंच. टॉप दोन बोटांत धरून कानाशी न्यायचा, बोटाच्या पेराने ठोकायचं, ऐकायचं, परत टेबलावर ठेवून तासायचं, असं चाललेलं. पटाशी छान चालत होती, पातळ छिलका गोल वळून बाहेर यायचा आणि दर खेपेला आवाज आधीपेक्षा मोठा आणि लांब घुमायचा. आता थांबावं असं एकदाही वाटलं नाही, कारण कान सतत सांगत होता की अजून चांगलं होतंय. संध्याकाळी कॅलिपर लावला तेव्हा एक्स ११ मिमीवर आला होता. मला वाटलं, ३ मिमीच तर गेले.

इथेच सगळी गोम आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. ब्रेसची रुंदी निम्मी केली तर ताठपणा निम्मा होतो. उंची निम्मी केली तर ताठपणा आठवा हिस्सा उरतो, कारण तो उंचीच्या घनाप्रमाणे बदलतो. म्हणजे १४ चे ११ केल्यावर लाकडाचं वजन साधारण २१ टक्के कमी झालं, पण ताठपणा निम्म्याच्याही खाली गेला. हा हिशोब मला पाठ होता हो, वाचलेला होता, पण हातात पटाशी असताना एकदाही आठवला नाही. १४ वरून १२ ला आलात तरी एक तृतीयांशाहून जास्त ताठपणा गेलेला असतो, आणि डोळ्यांना ते २ मिमी काहीच दिसत नाहीत.

तारा चढवल्या आणि पहिले काही दिवस बेस असा भरून यायचा की मी जो भेटेल त्याला वाजवून दाखवत होते. मग अ‍ॅक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, वर सरकायला लागली. टॉपवर सरळ पट्टी ठेवली तर ब्रिजच्या मागे फुगवटा आणि ब्रिज ते साउंडहोल (टॉपवरचं गोल भोक) या भागात खळगा, पट्टीखालून उजेड दिसत होता. स्टीलच्या लाइट, म्हणजे पातळ तारांच्या, सेटचा सहा तारांचा मिळून ताण ७० किलोच्या वर असतो, तो रात्रंदिवस ब्रिजला पुढे लोळवत असतो आणि त्याला तोंड द्यायला मी लाकूडच ठेवलं नव्हतं. काही महिन्यांत बेसही पसरट झाला, वरचे सूर बारीक होत गेले.

सुट्या टॉपवरचं ठोकणं फसवतं ते असं. त्याच्या कडा मोकळ्या असतात, एकदा साइडला, म्हणजे गिटारच्या बाजूच्या भिंतींना, चिकटला की कडा पकडल्या जातात आणि तो पूर्ण वेगळा वागतो. शिवाय ठोकल्यावर टॉप कसा घुमतो एवढंच कळतं, वर्षानुवर्षं ताण कसा पेलेल ते त्यातून कळत नाही. आणि दमट दिवस असेल तर आवाज मुळातच मंद येतो, तो उजळ करायला आपण अजून तासतो. मी आता हवेतली आर्द्रता ४५ टक्क्यांच्या आसपास असल्याशिवाय पटाशी हातात घेत नाही.

म्हणून मी ठोकणं सोडलं का, तर नाही. ठोकाच, पण सोबत मोजा. टॉप दोन टोकांना टेकवायचा, मध्ये दर वेळी तेच वजन ठेवायचं, डायल गेजवर (बारीक हालचाल मोजणाऱ्या काट्याच्या मापकावर) किती वाकला ते वहीत लिहायचं. कंटाळवाणं आहे, पण कान हुरळला तरी आकडा हुरळत नाही. तासायचं तर आधी ब्रेसच्या बाजू घ्या, वजन उतरतं आणि ताठपणा हळूहळू जातो. उंचीला शेवटी, अर्धा अर्धा मिमी करत. एक्सच्या जोडापाशी तर हातच लावू नका, तिथे खाच आधीच कापलेली असते आणि वरून आधाराची पट्टी चिकटवलेली नसेल तर तीच सगळ्यात कमजोर जागा.

नामांकित गिटारीची मापं कॉपी करणं हा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही. सारख्याच मापाचे स्प्रूसचे दोन तुकडे ताठपणात बरेच वेगळे निघतात, आधी हातात घेऊन वाकवून बघा. स्कॅलपचंही, म्हणजे ब्रेस मध्येच खोलगट तासण्याचंही, तसंच, मार्टिन या अमेरिकन गिटार कंपनीने १९४४ च्या अखेरीस स्कॅलप बंद केला आणि १९७६ ला एचडी-२८ या मॉडेलवर परत आणला, म्हणजे तो कुठे करायचा आणि कुठे नाही हा विचार मोठ्यांनाही करावा लागतो. आणि गुरू शोधाल तर स्वतःचे बसलेले, म्हणजे ताणाने खचलेले, टॉप दाखवणारा शोधा. ज्याचा एकही टॉप कधी बसला नाही म्हणतो, त्याच्याकडून हे शिकता येणार नाही.

पण घाबरून सगळंच जाड ठेवू नका. टोरेस या स्पॅनिश गिटार कारागिराने १८६२ मध्ये कागदाच्या लगद्याच्या साइड आणि बॅक लावून गिटार केली होती, फक्त टॉप नीट लाकडाचा, यावरून टॉपमध्ये किती जीव असतो ते कळतं. तो मोकळा करायलाच हवा. थोडा जड राहिला तरी नंतर हलका करता येतो, एवढं लक्षात असलं की हात आपोआप निवांत चालतो.

मी सध्या एक्स १२.५ वर सोडते, गिटार बंद करते, तारा चढवून दोन आठवडे तशीच ठेवते. मग तारा ढिल्या करून साउंडहोलमधून बोटाएवढा रंधा घालते आणि टोन बारवरून दोन-चार छिलके काढते, परत तारा, परत ऐकणं, परत पट्टी. एक्सला आतून हात लावत नाही.