जुन्या मृत्युपत्रातून आपली माणसं कशी शोधायची

खापरपणजोबांच्या मागे जायचंय ना, मग सगळ्यात आधी माळ्यावरची ती पत्र्याची ट्रंक खाली काढा. मृत्युपत्र रजिस्टर करायची कायद्याने सक्ती नाही आणि पुण्यात हिंदूंच्या मृत्युपत्राला मुंबईसारखी प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्र कोर्टाकडून प्रमाणित करून घ्यायची, सक्तीही नव्हती, त्यामुळे कितीतरी मृत्युपत्रं सरकारदरबारी कधी गेलीच नाहीत, घरातच कुठल्यातरी कापडी पिशवीत पडून राहिली. नदीकाठच्या पेठांमधल्या बऱ्याच घरांचे कागद १२ जुलै १९६१ ला पानशेतच्या पुरात गेले, आमचेही गेले, पण रजिस्टर झालेल्या कागदाची नोंद सरकारी वहीत असते त्यामुळे लगेच हात टेकू नका.

सब रजिस्ट्रार ऑफिसात मृत्युपत्रांची वेगळी वही असते, बुक नंबर ३. करणारा जिवंत असेपर्यंत त्याची नक्कल फक्त त्याला नाहीतर त्याच्या मुखत्याराला मिळते, तो वारला की मग कुणीही अर्ज करू शकतं. मृत्यूचा दाखला आणि अंदाजे साल जवळ ठेवा, साल माहीत नसेल तर इंडेक्स चाळत बसावं लागतं आणि त्यात दिवस जातात.

आता जे मला फार उशिरा कळलं ते सांगते. सरळ आपल्या पणजोबांचंच मृत्युपत्र शोधत बसू नका. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याआधी एकत्र कुटुंबातल्या माणसाला वडिलोपार्जित इस्टेटीतला आपला हिस्सा मृत्युपत्राने देताच येत नव्हता, तो एकत्र कुटुंबातल्या मुलग्यांकडे नाहीतर बाकीच्या भाऊबंदांकडे आपोआप जायचा, म्हणून मुलंबाळं असलेल्या माणसाचं मृत्युपत्र बऱ्याचदा सापडतच नाही. ज्यांना मूल नव्हतं आणि ज्यांची स्वकष्टाची कमाई होती ते मात्र सगळ्या गोतावळ्याची नावं लिहून जायचे. माझे एक चुलत पणजोबा असेच, निपुत्रिक. त्यांच्या मृत्युपत्रात चार पुतणे, एक भाचा, आणि धाकट्या बहिणीला दरसाल एक लुगडं-चोळी द्यावी असं लिहिलंय, बहिणीच्या सासरच्या गावासकट. ही बहीण आमच्या वंशावळीत नव्हतीच! मुलींची नावं घरच्या वंशावळीतून गाळली जातात, मृत्युपत्रात मात्र सापडतात. दत्तकपत्र आणि वाटपपत्रही याच नजरेने वाचा, दत्तक गेलेल्या मुलाचं आडनाव बदलतं आणि तिथेच आपला धागा तुटतो.

गावाकडे जमीन असेल तर सातबाऱ्यावर फेरफारांचे, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलांच्या नोंदींचे, नंबर असतात, त्यातला सगळ्यात जुना नंबर धरा आणि मागे मागे जात रहा. वारस नोंदीच्या फेरफारात कोण मयत, मुलं कोण, बायको कोण हे लिहिलेलं असतं. काही जुने फेरफार स्कॅन करून आपले अभिलेख पोर्टलवर टाकलेत, नाहीतर तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये अर्ज करायचा. शहरातला वाडा असेल तर सिटी सर्व्हेकडून प्रॉपर्टी कार्ड काढा.

वाचताना हे लक्षात असू द्या की अमुक बिन तमुक म्हणजे तमुकचा मुलगा आणि अमुक कोम तमुक म्हणजे तमुकची बायको. नावापुढे अ.पा.क. दिसलं तर ते मूल त्यावेळी अज्ञान म्हणजे अल्पवयीन होतं, पुढचं नाव त्याच्या पालनकर्त्याचं असतं, म्हणजे वयाचाही अंदाज येतो. ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, तिथे एकच नाव दिसतं म्हणून भाऊ नव्हते असं समजू नका. साल शके असेल तर त्यात ७८ मिळवा, फसली असेल तर ५९०, वर्षभराचा फरक पडू शकतो. जुना कागद मोडी लिपीत असेल तर घाईघाईत कुणाकडूनही वाचून घेऊ नका, जाणकाराकडून पूर्ण लिप्यंतर करून घ्या, आमच्या एका कागदात नाव चुकीचं वाचलं गेलं आणि मी वर्षभर भलत्याच घराण्याच्या मागे होते. इनाम वतन असलेल्या घराण्यांनी पुण्यातल्या कौन्सिल हॉलजवळच्या पुराभिलेखागारात म्हणजे आपल्या पेशवे दप्तरात जरूर जावं, इंग्रजांच्या काळात इनामांची चौकशी करणाऱ्या इनाम कमिशनचे कागद तिथेच आहेत.

आणि हो, साक्षीदारांची नावं सोडू नका, ते बहुतेक शेजारी नाहीतर व्याही असतात. त्या लुगडं-चोळीवाल्या आत्याच्या सासरच्या गावी मी मागच्या दिवाळीत जाऊन आले, तिची पणती भेटली, तिच्याकडे आमच्या वाड्याचा फोटो होता.