एक्सेलमध्ये ७/१२ ची तारीख होऊ नये म्हणून काय करावं

जमिनीच्या नोंदी एक्सेलमध्ये भरताना ७/१२ टाइप करून एंटर दाबलं की समोर ७ डिसेंबर ही तारीख उभी राहते (संगणकात आधी दिवस, मग महिना हा भारतीय क्रम असेल तर). सर्व्हे नंबर १२/३ असेल तर १२ मार्च. ४५/२ मात्र जसाच्या तसा राहतो, कारण ४५ तारीख कुठल्याच महिन्यात नसते. उलट २/४५ चा ‘फेब्रुवारी ४५’ होतो, म्हणजे ४५ सालातली १ फेब्रुवारी. एकाच कॉलममध्ये काही क्रमांक शाबूत आणि काही बिघडलेले असल्यामुळे ही चूक लवकर नजरेत येत नाही.

तारीख झालेल्या सेलचा फॉरमॅट नंतर ‘टेक्स्ट’ केला तरी ७/१२ परत मिळत नाही. ४६३६३ असा काहीतरी आकडा दिसतो. एक्सेल तारीख साठवतं ती १ जानेवारी १९०० पासून मोजलेले दिवस म्हणून; तुम्ही काय टाइप केलं होतं ते त्याच्याकडे उरलेलंच नसतं. म्हणून फॉरमॅट आधी लावायचा, माहिती नंतर भरायची.

१. कॉलमच्या डोक्यावरच्या अक्षरावर क्लिक करून पूर्ण कॉलम निवडा.
२. कंट्रोल आणि १ दाबा. ‘नंबर’ टॅबमध्ये ‘टेक्स्ट’ निवडून ओके करा.
३. आता टाइप करा. दुसरीकडून पेस्ट करत असाल तर ‘मॅच डेस्टिनेशन फॉरमॅटिंग’ हा पर्याय घ्या.

एकदोनच सेल असतील तर क्रमांकाआधी एकेरी अवतरणचिन्ह टाका: '७/१२. ते चिन्ह सेलमध्ये दिसत नाही, छापलंही जात नाही. कोपऱ्यात हिरवा त्रिकोण आला तर येऊ द्या. त्यातलं ‘कन्व्हर्ट टू नंबर’ मात्र दाबू नका.

तारखा आधीच झाल्या असतील तर त्या कॉलमला कंट्रोल-१ मधून ‘कस्टम’ फॉरमॅट द्या: इंग्रजी डी, मग दुहेरी अवतरणात तिरकी रेघ, मग एम. अवतरण विसरलात तर काही संगणकांवर रेघेच्या जागी ७-१२ असा डॅश येतो. ‘फेब्रुवारी ४५’ सारख्या सेलना एम, अवतरणातली रेघ आणि दोनदा वाय असा वेगळा फॉरमॅट लागतो. नाहीतर २/४५ चा १/२ होऊन बसेल. सगळं बरोबर दिसू लागलं की कॉलम कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा, एक्सेलचा कॉलम ‘टेक्स्ट’ करा आणि नोटपॅडमधून परत आणा.

लांब आकड्यांचं दुखणं वेगळं. १२ अंकी आधार क्रमांक ‘ई+११’ असा आखडून दिसतो, पण आत शाबूत असतो; फॉरमॅट ‘नंबर’ आणि दशांश स्थळं शून्य केली की पूर्ण दिसतो. १६ अंकी खाते क्रमांकाचं तसं नाही. एक्सेल आकड्याचे १५ च अंक सांभाळतं, सोळाव्याच्या जागी शून्य बसवतं. तो अंक गेला तो गेला, मूळ कागदावरूनच भरावा लागतो. ०२० मधलं पुढचं शून्यही असंच गळतं.

सर्वांत जास्त नासाडी सीएसव्ही फाइलवर (स्वल्पविरामांनी वेगळी केलेली माहिती असलेली साधी मजकूर फाइल) डबल-क्लिक केल्याने होते. त्याऐवजी रिकामी फाइल उघडा, ‘डेटा’ टॅबमध्ये ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ घ्या, ‘डेटा टाइप डिटेक्शन’ मध्ये ‘डू नॉट डिटेक्ट डेटा टाइप्स’ निवडा आणि मग लोड करा.

या खोडीपायी २०२० मध्ये मानवी जनुकांची नावंसुद्धा बदलावी लागली. ‘मार्च१’ चं ‘मार्चएफ१’ झालं. २०२३ मध्ये एक्सेलने ‘ऑप्शन्स’ मधल्या ‘डेटा’ विभागात ‘ऑटोमॅटिक डेटा कन्व्हर्जन’ बंद करायची सोय दिली. पुढची शून्यं आणि लांब आकडे त्याने वाचतात, पण तिरकी रेघ असलेला ७/१२ त्यात येत नाही. त्याला ‘टेक्स्ट’ फॉरमॅटच लागतो.

गूगल शीट्समध्ये हेच काम ‘फॉरमॅट’, ‘नंबर’, ‘प्लेन टेक्स्ट’ असं होतं. तिथे फाइल इम्पोर्ट करताना मजकुराचे आकडे आणि तारखा करण्याच्या पर्यायावरची खूण काढून टाका.