लाच मागितली तर काय करायचं

सरकारी कचेरीत लाच पुष्कळदा मागण्याआधीच दिली जाते. काम अडायच्या आत लोक एजंट गाठतात, 'चहापाण्याचं बघून घेऊ' म्हणतात आणि बाहेर येऊन व्यवस्थेला शिव्या घालतात. म्हणून सुरुवात स्वतःपासून: तोंडी विनंती नको, लेखी अर्ज द्या, तारखेसह पोच घ्या.

महाराष्ट्रात 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित, म्हणजे सरकारने तशा जाहीर केलेल्या, सेवांना मुदत घालून दिली आहे. ती टळली किंवा अर्ज फेटाळला, तर 30 दिवसांत प्रथम अपील करा. कसूर ठरल्यास अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होतो. पोच नसेल तर मुदत कधी सुरू झाली हेच सिद्ध होत नाही. इथेच बहुतेकांचं घोडं पेंड खातं. 'कागद अपुरे आहेत' असं उत्तर मिळालं तर कोणते, ते लिहून मागा.

पैसे मागितलेच, तर वाद घालू नका आणि घासाघीसही करू नका. 'जमवाजमव करून सांगतो' म्हणून बाहेर पडा आणि लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला 1064 वर फोन करा. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. बळजबरीने द्यावी लागली असेल, तर 7 दिवसांत तक्रार केल्यास संरक्षण मिळतं.

तक्रारीनंतर आधी पडताळणी होते: पंचांसमक्ष मागणीचं बोलणं रेकॉर्डरवर घेतलं जातं. मग सापळा, म्हणजे खुणेच्या नोटा देऊन लाच घेताना रंगेहाथ पकडणं. नोटांचे क्रमांक टिपून त्यांना फिनॉल्फ्थेलिन या रसायनाची पूड लावतात. ज्याने त्या हाताळल्या त्याचे हात सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवले की पाणी गुलाबी होतं. म्हणून वाटेत नोटांना हात लावू नका आणि साहेबांशी हस्तांदोलन करू नका. पूड तशीही लागते, मग बचावाच्या वकिलाला आयता मुद्दा मिळतो. त्याहून मोठी चूक म्हणजे आपणहून 'घ्या साहेब' म्हणत पाकीट पुढे करणं. मागणी सिद्ध झाली नाही, तर नुसत्या गुलाबी पाण्यावर शिक्षा टिकत नाही. त्याने मागू द्या, मगच द्या. 'ड्रॉवरमध्ये ठेवा' किंवा 'त्याच्याकडे द्या' म्हणाला, तर तसंच करा, पण ते शब्द त्याच्या तोंडून येऊ द्या.

खरी कसोटी नंतरची. 'कशाला कुणाच्या पोटावर पाय देतोस', 'तोही आपल्याच गावचा' असं म्हणत नातेवाईक, पुढारी, जातभाई दारात येतात आणि साक्षीदार फितूर होतात. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तक्रारदार उलटला तरी इतर पुराव्यावर मागणी सिद्ध करता येते, असं सांगितलं. तरीही तक्रारदाराची ठाम साक्ष असली की खटला भक्कम होतो. तेव्हा तक्रारीची प्रत जपून ठेवा, साक्षीआधी वाचा, आणि दबाव आला तर तपास अधिकाऱ्याला लेखी कळवा. अडलेल्या मूळ कामाचा पाठपुरावाही लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडेच करा.