फ्रोझन बासा मासा, न्हावा शेवा बंदर: लेबलमुळे एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) एनओसी (ना-हरकत) अडकली होती, अशी सुटली

सिम्प्टम असा: बिल ऑफ एन्ट्री (कस्टम्सकडचा आयातीचा अर्ज) फाईल झालंय, सॅनिटरी इम्पोर्ट पर्मिट (असा माल आणायचा सरकारी परवाना) आणि हेल्थ सर्टिफिकेट ओके, पण इन्स्पेक्शनला पॅकवर इम्पोर्टरचं नाव-पत्ता, एफएसएसएआय लोगो, लायसन्स नंबर आणि नॉनव्हेज चिन्ह नाही म्हणून माल होल्डवर. रीफरचा (थंड कंटेनरचा) प्लग-इन चार्ज, म्हणजे वीजजोडणीचा आकार, रोज चढत होता, झोप उडाली होती अक्षरशः.

एक्सपोर्टरचं पत्र, हमीपत्र, नव्या लेबलची पीडीएफ, सगळं अपलोड केलं, काही उपयोग नाही, एफएसएसएआयला लेबल पॅकवरच हवं असतं.

आधी बॅच नंबर, उत्पादन आणि एक्स्पायरी तारीख मूळ पॅकवर छापलेली आहे का बघा, ती नसेल तर स्टिकरने भागत नाही. मग कस्टम्स कायद्याच्या कलम 49 खाली माल कोल्ड स्टोरेजला हलवायची परवानगी घ्या, म्हणजे कंटेनर मोकळा होतो. त्यानंतर स्टिकरिंगची परवानगी. स्टिकर एकच, न निघणारा, मुख्य लेबलच्या बाजूला, मूळ मजकूर झाकायचा नाही, लायसन्स नंबर 14 अंकी, नॉनव्हेज चिन्ह म्हणजे तपकिरी चौकटीत तपकिरी त्रिकोण.

आणि गोंद फ्रीझर-ग्रेडच घ्या!! उणे 18 ला साधा स्टिकर कडेने उचलतो, आणि पॅकवरचं दव-बर्फ कोरड्या फडक्याने पुसून लगेच दाबून लावायचा, थोडे थोडे पॅक बाहेर काढून, नाहीतर माशाचा बर्फ वितळायला लागतो.

शेवटी फोटो टाकून एफएसएसएआयच्या क्वेरीला (लेबलवरच्या हरकतीला) उत्तर दिलं, री-इन्स्पेक्शन झालं, सॅम्पल लॅबला गेलं आणि रिपोर्ट आल्यावर एनओसी मिळाली.